मँचेस्टरमधला माझा 'सा'

इंग्लंडला शिकायला निघालेल्या पोरापोरींना लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. फी किती? थंडी किती? आणि जेवणाचं काय? गाण्याचं काय, हे मात्र कुणीच विचारत नाही. मला विचारलं ते फक्त गाण्याच्या बाईंनी. विमानाच्या आदल्या दिवशी नमस्काराला गेले, तेव्हा म्हणाल्या, "रियाज कुठे करशील गं?"

प्रश्न एकदम व्हॅलिड होता. पुण्यात अकरा वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली मी सप्टेंबर २०२३ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्ससाठी मँचेस्टरला गेले. म्युझिकवेड्या माणसासाठी हे शहर म्हणजे जॅकपॉट! ओअ‍ॅसिस इथले, द स्मिथ्स इथले, जॉय डिव्हिजन इथले. कॉलेजात असताना बाईंना न सांगता हेडफोनवर ऐकलेली ही सगळी मंडळी माझी गाववाली होणार होती.

तिथे गेल्यावर फंडा हळूहळू क्लिअर होत गेला. या शहरात गाणं ऐकणं जवळजवळ फुकट आहे. गाणं गाणं मात्र महाग.

सकाळ : कपाटातला खर्ज

मी राहायचे फॅलोफील्डला. स्टुडंट एरिया. लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं. एका घरात आम्ही पाच जण : मी, नागपूरचा एक मुलगा, दोन चिनी मुली आणि एक नायजेरियन. बाथरूम दोन, भिंती पुठ्ठ्याच्या. शेजारचे आजोबा शिंकले की आमच्याकडे ऐकू यायचं. मग सकाळी आठला मी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून खर्ज लावल्यावर त्यांच्याकडे काय होत असेल, विचार करा!

तिसऱ्या आठवड्यात दाराखालून चिठ्ठी आली. 'तसदीबद्दल क्षमस्व, पण सकाळचा तो घुमण्याचा आवाज कदाचित किंचित कमी करता येईल का?' इंग्लिश माणूस चिडला की नाही, हे त्याच्या वाक्यातले 'कदाचित' आणि 'किंचित' मोजून कळतं. इथे दोन्ही होते.

कायद्याने मी सेफ होते. १९९६ च्या नॉइज अ‍ॅक्टमध्ये रात्रीची वेळ म्हणजे अकरा ते सात. पण शेजाऱ्याशी कायद्यावर बोट ठेवून बोलायचं नसतं, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं? मी कपाटाचं दार उघडून, टांगलेल्या जाड कोटांमध्ये तोंड घालून गायला लागले. हसू नका. आवाज खरंच बाहेर जात नाही. प्रॉब्लेम असा, की महिन्याभरात तो माझ्या गळ्यातूनही बाहेर येईनासा झाला. मोकळा 'आ' लावायची भीती बसली. पंचमाच्या वर गेलं की आपोआप आवाज चोरला जायचा.

युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिस रूम्स म्युझिकच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि मी मीडियाची. बाहेर बँडवाल्यांच्या रिहर्सल रूमचा भाव विचारला, तर तासाला बारा पौंड. बाईंचा ऑनलाइन क्लास पुण्यात रविवारी सकाळी आठला, म्हणजे हिवाळ्यात माझ्याकडे मध्यरात्रीचे अडीच. शेवटी बाईंनी तो संध्याकाळी सहावर आणला. पण व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो, त्यात ताल जुळतच नाही. बाईंची सम आणि माझी सम कधी भेटायच्याच नाहीत. शिकणं झालं, सोबत गाणं राहिलं.

दुपार : फुकटचा खजिना

आता दुसरी बाजू ऐका. फॅलोफील्डहून बस पकडायची, दोन पौंडांचं तिकीट. खिडकीतून रशमची करी माईल जाते. कबाबचा धूर, मिठाईची दुकानं, लाहोरपासून बैरूतपर्यंतच्या पाट्या. पुढे ऑक्सफर्ड रोड, आणि युनिव्हर्सिटीला लागूनच रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक. दोन जुन्या संस्था एकत्र करून १९७३ मध्ये झालेलं हे कॉलेज. तिथल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी मैफली विनातिकीट असतात. लेक्चर संपवून सँडविच बॅगेत टाकायचं आणि तासभर कुणीतरी चेलो वाजवतंय ते ऐकायचं. माझ्याच वयाची मुलं, घामाघूम झालेली, नोट चुकली की ओठ चावणारी. यूट्यूबवर हे दिसत नाही.

सेंट्रल लायब्ररी हा माझा दुसरा अड्डा. १९३४ ची गोल, घुमटवाली बिल्डिंग. आत हेन्री वॉटसन म्युझिक लायब्ररी आहे. विवाल्दीच्या बारा व्हायोलिन सोनाटांची हस्तलिखितं १९७३ मध्ये याच संग्रहात सापडली आणि म्हणून त्यांना आज 'मँचेस्टर सोनाटा' म्हणतात. त्याहून भारी म्हणजे तिथे पियानो आहेत आणि ते वाजवायचे पैसे पडत नाहीत. कोटातला बेघर वाटणारा माणूस, शाळेतून आलेली मुलगी, कुणीही बसतं. मीही बसायचे. पांढरी सहा दाबायची. तो माझा 'सा'. दाबायचा आणि मनातल्या मनात गायचं. लायब्ररीत तोंडाने कसं गाणार?

संध्याकाळ : वीस तासांचं गणित

स्टुडंट व्हिसावर, डिग्रीचं सत्र चालू असताना, आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम चालत नाही. मी एका कॅफेच्या किचनमध्ये होते. भांडी, भाज्या, फरशी. मार्च २०२४ पर्यंत माझ्या वयाला किमान वेतन तासाला १०.४२ पौंड होतं, एप्रिलपासून ११.४४ झालं. म्हणजे एक तास भांडी घासून एक तास रियाजाची खोलीसुद्धा येत नव्हती. हे गणित मी कितीदा तरी मांडलं, उत्तर बदललं नाही.

मग गाऊनच कमवावं ना? तेही जमत नाही. या व्हिसावर कलाकार म्हणून पैसे घेऊन कार्यक्रम करायला आणि स्वतःचा व्यवसाय करायला मनाई आहे. एका देशी कुटुंबाने लग्नाच्या संगीताला गायचे शंभर पौंड देऊ केले होते. नाही म्हणाले. त्या रात्री शंभर पौंड डोळ्यांसमोर नाचत होते, हे सांगायला नकोच.

शिफ्ट संपली की पाय आपोआप ओल्डहॅम स्ट्रीटकडे वळायचे. पिकॅडिली रेकॉर्ड्समध्ये तबकड्या चाळायच्या, न घेता बाहेर पडायचं. कधी फ्री ट्रेड हॉलवरून फेरी. १९६६ मध्ये बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून प्रेक्षकांतून 'जुडास!' अशी आरोळी आली, ती याच इमारतीत. आता तिथे हॉटेल आहे. हॅसिएंडा हा जगप्रसिद्ध क्लब १९८२ मध्ये सुरू झाला, १९९७ मध्ये बंद पडला. त्या जागी त्याच नावाचे फ्लॅट्स आहेत. मँचेस्टरलाही बिल्डर आहेत हो!

रात्र : स्प्रिंगवरचा हॉल

१९९६ मध्ये सुरू झालेला ब्रिजवॉटर हॉल हे हॅले ऑर्केस्ट्राचं घर. ऑर्केस्ट्रा त्याहून कितीतरी जुना, १८५८ चा. बाजूने ट्राम जाते, म्हणून तिचा हादरा आत येऊ नये यासाठी अख्खी इमारत सुमारे तीनशे स्प्रिंगांवर उभी केलीय. मी हे ऐकलं तेव्हा माझी पुठ्ठ्याची भिंत आठवली आणि जाम हसू आलं.

विद्यार्थ्यांचं स्वस्त तिकीट काढून मी वरच्या रांगेत बसायचे. आपल्या सवाईत कसं, जागा आवडली की 'वाह!' निघतं, शेजारच्या काकू डबा उघडतात. इथे खोकायचं असेल तर दोन भागांच्या मधल्या शांततेत. सगळे मिळून खोकतात.

सुरुवातीला ओबोवाला एक सूर धरतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्यावर आपापली वाद्यं लावतो. तो सूर 'ए'. म्हणजे पांढरी सहा. माझा तार षड्ज! सत्तर-ऐंशी माणसं माझ्या 'सा'वर वाद्यं लावतायत आणि मी तोंड मिटून बसलेय. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ऐकून पोट भरत होतं, पण गळा उपाशी होता. त्या रात्री बसमध्येच ठरवलं, जागा शोधायचीच.

गुरुवार : चर्चची किल्ली

जागा मिळाली ती आमच्याच रस्त्यावरच्या छोट्या चर्चमध्ये. बाहेर पाटी होती : गुरुवारी कॉयरची तालीम, कुणीही या. गेले. पंधरा-सोळा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. हातात नोटेशनचा कागद दिला. मला वाचता येईना, पण ऐकून पाठ करता येत होतं. अकरा वर्षं तेच तर केलं होतं.

खरी कसोटी निराळी होती. आपल्याकडे तानपुरा, पेटी, सारंगी, सगळे गाणाऱ्याच्या पाठीशी. इथे उजवीकडची बाई वेगळाच सूर गातेय, मागचे काका तिसराच, आणि आपण आपला सोडायचा नाही. पहिले दोन आठवडे मी घसरून शेजारणीच्या सुरात जात होते. तिसऱ्या आठवड्यात टिकले.

ख्रिसमसनंतर धीर करून विचारलं, मंगळवारी सकाळी इथे एकटी गाऊ का? कॉयरच्या बाईंनी एक प्रश्न विचारला, "हीटर लागेल?" नाही म्हटल्यावर किल्ली दिली. बास! इतकंच होतं.

जानेवारीतलं रिकामं चर्च. तोंडातून वाफ निघतेय, अंगात दोन स्वेटर, फोनवर तानपुरा. पहिला मोकळा 'सा' लावला आणि तो छतापर्यंत जाऊन दोन-तीन सेकंदांनी परत आला. त्या घुमण्यात तान घेतली की सगळा चिखल व्हायचा, एक सूर दुसऱ्यावर सांडायचा. म्हणून ताना सोडल्या. एक स्वर लावायचा, तो विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. मंगळवारमागून मंगळवार, नुसता आलाप.

२०२४ च्या शरदात परत आले. बाईंनी समोर बसवलं, तानपुरा हातात दिला. वीसेक मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तयारी गेलीय. ठेहराव आलाय. तयारी येईल परत."

तेव्हा दोस्तांनो, तिकडे निघालाच असाल तर मैफलींची काळजी करू नका, ऐकायला शहर पुरून उरतं. पण गात असाल, वाजवत असाल, तर पहिल्याच महिन्यात जागा मागायला लागा. कॉयर, युनियनच्या म्युझिक सोसायट्या, देऊळ, कम्युनिटी हॉल, जिथे दार दिसेल तिथे विचारा. एक 'नाही' ऐकून परत फिरू नका. आणि कुणी हीटर लागेल का म्हणून विचारलं, तर नाही म्हणा. दुसरा स्वेटर न्या.