एका दिव्याचें छायाचित्र

इंग्रजींत ज्यास 'फोटोग्राफ' म्हणतात, त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'प्रकाशानें रेखाटलेलें' असा आहे. सर जॉन हर्शेल ह्यांनीं १८३९ सालीं ह्या कलेचें इंग्रजी नांव रूढ केलें. आपल्या भाषेनें मात्र तिच्या फळास 'छायाचित्र' म्हटलें. दोन्ही नांवें खरीं आहेत. परंतु चेहऱ्याचें चित्र घेण्याच्या कामीं आपलें नांव अधिक मार्मिक आहे, असें आम्हांस वाटतें. नाकाची उंची, गालाचा भरीवपणा, डोळ्यांची खोली हें सारें सपाट कागदावर दिसतें तें सावलीच्याच योगानें. चेहऱ्यावर चोहोंकडून सारखा प्रकाश पडला तर माणूस ओळखूं येतो खरा, पण चेहरा ताटलीसारखा सपाट दिसतो.

ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत मोबाइलच्या रूपानें कॅमेरा आहे, घरांत वर्षाकाठीं शेंकडों फोटो निघतात, आणि तरीहि वडील माणसांचा धड असा एकहि फोटो पुष्कळ घरीं नसतो. आजी गेल्यावर मग शोधाशोध सुरू होते. कोणाच्या तरी मुंजींतल्या घोळक्यांतून तिचा चेहरा कापून काढतात, तो मोठा करवितात, आणि तोच पुसट, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा चेहरा वर्षानुवर्षें भिंतीवर राहतो. नातवंडांना व पतवंडांना आजी म्हणून तेवढीच ठाऊक होते. हें टाळणें मुळींच अवघड नाहीं. त्यास लागतो एक दिवा किंवा एक खिडकी, आणि एक पांढरें धोतर.

घरगुती साधनांनीं केवढें काम होतें, ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. ह्या बाईंचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. पुढें त्या इंग्लंडांत राहत असतां १८६३ च्या नाताळांत मुलीनें व जावयानें त्यांस एक कॅमेरा भेट दिला. तेव्हां त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें. कोळशाच्या कोठडीची त्यांनीं अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ! आप्तेष्ट, शेजारी, घरच्या मोलकरणी अशा सर्वांस त्यांनीं त्या प्रकाशांत बसविलें. वर उल्लेखिलेल्या हर्शेल ह्यांचें त्यांनीं १८६७ सालीं घेतलेलें छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. काळोखांतून पुढें येणारा वृद्ध चेहरा आणि विस्कटलेले पांढरे केस, एवढेंच त्यांत आहे. पण तेवढ्यांत सारा माणूस आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. जिच्यांतून थेट ऊन येत नाहीं अशी खिडकी निवडावी. आपल्या प्रांतीं उत्तरेकडील खिडकी वर्षाचे बहुतेक महिने अशी असते. ऊन येतच असेल तर खिडकीवर पातळ पांढरें धोतर ताणून बांधावें. खिडकीपासून दोन हातांवर खुर्ची ठेवावी, आणि पाठीमागची भिंत शक्य तितकी दूर असूं द्यावी. प्रकाश समोरून अथवा अगदीं कानावरून न येतां, ह्या दोहोंच्या मधून, अर्ध्या काटकोनांत चेहऱ्यावर यावा. रात्रीं काम करावयाचें असेल तर दिवा ह्याच कोनांत, डोळ्यांहून हात-दीड हात उंच ठेवावा. उघडा दिवा काळ्या, कठोर सावल्या पाडतो. म्हणून तो पांढऱ्या भिंतीकडे वळवावा, म्हणजे ती भिंतच मोठी सौम्य खिडकी होते. प्रकाशाचा उगम जितका मोठा व जवळ, तितकी सावली मऊ, हा नियम ध्यानांत ठेवावा.

दिवा बरोबर बसला किंवा नाहीं हें नाक सांगतें. नाकाची सावली तिरपी गालाकडे उतरावी. ओठांवर येऊं नये. ती गालाच्या सावलीस मिळाली म्हणजे अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखालीं उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) ह्याच्या चित्रांत असा प्रकाश आढळतो म्हणून त्यास त्याचेंच नांव पडलें आहे. डोळ्यांत दिव्याची चमक दिसलीच पाहिजे. तिच्यावांचून मुद्रा निर्जीव भासते.

अंधारी बाजू फारच काळी वाटली, तर दुसरा दिवा लावूं नये. त्या बाजूस एखाद्यानें दुहेरी पांढरें धोतर पसरून धरावें. तें जवळ आणावें तशी सावली उजळते. दिव्याच्या बाबतींत अंतराचा हिशेब आणखी कडक आहे: लहान दिवा दुप्पट दूर गेला कीं त्याचा प्रकाश चौथाईवर येतो. दिवसा खिडकीचा उजेड व पिवळा दिवा एकत्र करूं नयेत. चेहऱ्याचा एक गाल निळसर आणि दुसरा हळदीसारखा दिसतो.

आजोबांच्या चष्म्यांत दिवा चमकत असेल तर दिवा थोडा वर न्यावा, किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित् उचलाव्या. पगडी असेल तर कपाळ झांकोळतें. तेव्हां दिवा खालीं आणावा. मोबाइल तोंडाजवळ नेल्यानें नाक मोठें दिसतें, म्हणून चार हात दूर उभें राहावें. त्याचा स्वतःचा झगझगीत दिवा मात्र बंद असावा.

"आतां माझा कसला फोटो काढतां?" असें आजी म्हणेलच. तिला ताठ बसवूं नये. हातांत वातींचा कापूस द्यावा, माहेरच्या गोष्टी काढाव्या, आणि ती बोलण्यांत रंगली म्हणजे फोटो घ्यावा. त्यांतला उत्तम तो कागदावर छापून घेऊन मागें नांव, गांव व तिथि लिहावी. कारण मोबाइल बदलतात आणि त्यांतलीं चित्रें हरवतात. सुरकुत्या पुसून टाकण्याचा मोह मात्र आमच्या वाचकांनीं आवरावा. त्या सुरकुत्यांतच ह्या घराचा इतिहास आहे, आणि एका बाजूनें आलेला प्रकाश तो वाचून दाखवितो. दिवा घरांत आहे, धोतरहि आहे. वडील माणसें आहेत तोंवरच हें काम उरकावें.