मुलीचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे कुलूप

रमजान ईद झाली की घराघरांत स्थळांची बोलणी सुरू होतात. पूर्वी खाला किंवा फुफी पाकिटातून मुलीचा फोटो न्यायची आणि जमले नाही तर परत आणून द्यायची. आता बायोडाटा नि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, आणि परत मात्र येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलीचा फोटो असाच एका स्थळाला पाठवला होता. पंधरा दिवसांनी तो तिच्या मामूच्या मुलाला भलत्याच ग्रुपवर दिसला. तिच्या अम्मीने आम्हाला विचारले, "मेसेज एन्क्रिप्टेड आहेत असे चॅटमध्ये लिहिलेले असते ना? मग हे कसे झाले?"

तिथे लिहिलेले खोटे नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील खासगी मेसेज, फोटो आणि कॉल या पद्धतीने कुलूपबंद असतात. प्रत्येक फोन स्वतःच्या किल्ल्या तयार करतो. कुलूप लावायची किल्ली सर्वांना मिळते, उघडायची मात्र फोनमध्येच राहते. तुमच्या फोनवरून निघतानाच मजकुराची अगम्य अक्षरे होतात आणि ती समोरच्या फोनवरच पुन्हा वाचता येतात. शिवाय किल्ली प्रत्येक मेसेजला बदलते. एखादी चोराच्या हाती लागली तरी जुने मेसेज उघडत नाहीत. मधल्या कंपनीला मजकूर दिसत नाही. कोणी कोणाला, केव्हा मेसेज केला, हे मात्र तिला कळू शकते.

पण हे कुलूप वाटेवरचे आहे. फोटो समोरच्याच्या फोनमध्ये उघडला की तो त्याच्या हाती गेला. तो पुढे पाठवायला त्याला कोणतीही किल्ली फोडावी लागत नाही. त्या घरी झाले ते एवढेच. 'एकदाच पहा' ही सोय वापरली असती तर फोटो पुढे पाठवता आला नसता, स्क्रीनशॉटही निघाला नसता. अर्थात दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार?

आम्ही त्यांच्या घरचे फोनही पाहिले. अब्बूंच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये कुठला तरी संगणक जोडलेला निघाला. कागद छापून घ्यायला गेले होते, दुकानदाराने कोड स्कॅन केला आणि लॉग आउट करायचे राहून गेले. म्हणजे घरची सगळी बोलणी त्या दुकानात उघडी! तो लगेच काढला. बॅकअपलाही कुलूप नव्हते. ही सोय २०२१ पासून आहे, पण ती आपणच सुरू करावी लागते, आणि पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. मुलगा टेलिग्राम वापरतो. तिथे 'सिक्रेट चॅट' निवडल्याशिवाय असे कुलूप लागत नाही, हे त्याला ठाऊकच नव्हते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो हक्क त्या मुलीचाही आहे, म्हणून आम्ही तिलाच विचारले. ती म्हणाली, "फोटो पाठवण्याआधी मला कोणी विचारलेच नव्हते."

आता त्या घरातून फोटो जात नाही. बायोडाटा जातो, आणि फोटो पाहायचा असेल तर पाहुण्यांच्या घरच्या बायकांना चहाला बोलावतात.