वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो



भिगवण, बावडा, निमगाव केतकीची मुलगी बारामतीत शिकायला निघते. कॉलेजात प्रवेश मिळतो, पण वसतिगृहाचं राहून जातं. एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे खरं, पण संध्याकाळची गाडी दोनदा चुकली की घरात कुजबुज सुरू होते, आणि कधी शिक्षणच थांबतं.

म्हणून आम्ही आधी हेच सांगतो, की वसतिगृहाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. कॉलेजच्या वसतिगृहाचा कॉलेजात, सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा ऑनलाइन. तिथं राहणं-जेवण मोफत असतं. जागा प्रवर्ग आणि गुण पाहून देतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवा.

यादीत नाव आलं नाही, तरी खचू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नियमात बसलं तर राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुली व्यावसायिक अभ्यासक्रमाला असतील, तर डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची चौकशी करा.

खोली बहुधा रेक्टरबाई ठरवतात, वर्ग आणि वर्ष पाहून. मुलीला दमा असेल, पहाटे उठून अभ्यासाची सवय असेल, तर आधीच सांगा. सोबतीण अनोळखीच असणार. दिवा कधी मालवायचा, झाडायची पाळी कुणाची, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्यावं. तरीही जमलं नाही, तर खोली बदलून मागावी, घर गाठू नये.

लेकीची वळकटी बांधताना एवढं तिच्या कानावर घाला.