शॉर्टफिल्मसाठी कॅमकॉर्डर घेताय? ‘४के’च्या आधी या ४ गोष्टी तपासा

बुलढाणा : मालेगावच्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ साध्या व्हीएचएस कॅमेऱ्यावर केला, डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या. पण प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. बुलढाण्यातून पहिली फिल्म करणाऱ्यांनीही सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नयेत. सेमी-प्रोफेशनल कॅमकॉर्डर घेताना काय पाहाल?

१. आवाज : एक्सएलआर माईक जोडायची सोय आणि हेडफोन जॅक हवाच. थोडं धूसर चित्र चालून जातं, न कळणारे संवाद नाही.

२. उजेड : लोणारच्या कडक उन्हात एनडी फिल्टर लागतो, तो आतच असलेला बरा. रात्रीच्या सीनसाठी १ इंचाचा सेन्सर छोट्या सेन्सरपेक्षा सरस.

३. मॅन्युअल कंट्रोल : फोकस, आयरिस, शटर हाताने बदलता यावेत. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, ट्यूबलाइटचं फ्लिकर टळतं.

४. साठवण : १०० एमबीपीएसवर तासाला साधारण ४५ जीबी लागतात. कार्ड, जादा बॅटरी, हार्ड डिस्क यांचा खर्च आधीच धरा.

झूम ऑप्टिकल किती, तेवढंच बघा. डिजिटल झूमचा आकडा सोडून द्या.

मग विकत की भाड्याने? एकच फिल्म करायची असेल तर भाड्याने. लग्नाच्या ऑर्डरीही घेणार असाल तर विकत. सेकंडहँड घेताना अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करून, हेडफोन लावून तपासा. मगच पैसे द्या.