तोच सूर की तसाच सूर? जुन्या संगणकावरची ध्वनींची आवर्तने

विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हा जुना संगणक कुठून आला? जरा धीर धरा. पुन्हा ऐकू आलेला ध्वनी हा ‘तोच’ असतो की ‘तसाच’ दुसरा, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं वाद घालत आले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस युरोपातली तरुण मुलं एका घरगुती संगणकासमोर बसून हाच प्रश्न हातानं सोडवत होती.

तो संगणक म्हणजे कमोडोर कंपनीचा अमिगा. पहिला अमिगा १९८५ साली आला, अमिगा ५०० हे लोकप्रिय मॉडेल १९८७ साली. त्यात ‘पॉला’ नावाची चिप होती. ती एका वेळी चार ध्वनी वाजवू शके, दोन डाव्या बाजूला, दोन उजव्या. ध्वनी ८ बिटांचा, म्हणजे लाटेची उंची मोजायला फक्त २५६ पायऱ्या. १९८७ सालीच कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरचा ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ आला. त्यात १५ ध्वनिनमुने घेऊन वरून खाली सरकणाऱ्या ६४ ओळींच्या तक्त्यात सूर मांडायचे. पुढच्या ‘प्रोट्रॅकर’मध्ये ३१ नमुने घेता येत.

आता हे नमुने, म्हणजे सॅम्पल, आणायचे कुठून? मार्ग तीन. नमुन्यांनी भरलेल्या फ्लॉपी हातोहात आणि टपालानं फिरत. दुसरा, संगणकाच्या मागे सॅम्पलरची छोटी डबी जोडून रेकॉर्डवरून किंवा कीबोर्डवरून स्वतः ध्वनी टिपायचा. आणि तिसरा, दुसऱ्याची रचना उघडून तिच्यातलं वाद्य उचलायचं. हे शक्य होतं, कारण ‘मॉड’ फाइलमध्ये सूर आणि वाद्यं एकत्रच असत. म्हणजे गाण्याची वही आणि पेटी एकाच पिशवीत, म्हणा ना!

पण खरी अडचण जागेची. थोडा हिशोब करू. प्रोट्रॅकरचा मधला सा म्हणू या असा जो ‘सी-२’ सूर, त्याला युरोपीय अमिगावर सेकंदाला सुमारे ८,२८७ बाइट लागतात. अमिगा ५००ची मूळ स्मृती ५१२ किलोबाइट. ती सगळी एकाच ध्वनीला दिली तरी जेमतेम एक मिनिट! मग लांब सूर धरायचा कसा? उत्तर: आवर्तन, म्हणजे लूप.

सतारीचा सूर घ्या. नखीचा पहिला आघात वेगळा, मागची आस वेगळी. वाद्य कोणतं हे कान बरंचसं त्या आघातावरून ओळखतो. म्हणून आघात एकदाच वाजवायचा आणि आसेतला छोटा तुकडा फिरवत ठेवायचा. पॉला चिपची सोयही तशीच. नमुना सुरू झाला की तिला पुढचा पत्ता आणि लांबी देऊन ठेवायची. पहिला फेरा संपला की ती आपसूक तिकडे वळते.

मात्र तुकडा कुठेही कापून चालत नाही. शेवटाची आणि सुरुवातीची उंची जुळली नाही तर प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून लाट शून्यरेषा ओलांडते तिथे कापायचं. पण तेवढ्यानं भागत नाही. दोन्ही टोकांना लाट एकाच दिशेनं जात असली पाहिजे, आणि तुकड्यात पूर्ण लाटाच बसल्या पाहिजेत, नाहीतर सूर उतरतो किंवा चढतो. शिवाय चिप दोन-दोन बाइटांनी मोजते, तेव्हा लांबी समच हवी. एकच लाट ३२ बाइटांत बसवली तर सी-२वर सेकंदाला सुमारे २५९ कंपनं मिळतात. जागा नगण्य, पण सूर निर्जीव. तुकडा मोठा घेतला तर सुराचं हेलकावणं टिकतं, पण स्मृती खर्ची पडते.

आता आपल्या प्रश्नाकडे या. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. दुसऱ्यांदा ऐकला तरी ‘तोच हा ग-कार’ अशी ओळख पटते ना! नैयायिक म्हणतात, नाही. शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो, ओळख साम्यामुळे पटते. दिव्याची ज्योत तीच वाटते, पण ती क्षणोक्षणी नवी असते. लूपमध्ये दोघांनाही जागा आहे. स्मृतीतले आकडे तेच, कानावर येणारा ध्वनी दरवेळी नवा. सांधा नीट जुळला की आपण ‘तोच’ म्हणतो. ‘टक्’ झालं की लगेच कळतं, हा दुसरा. म्हणजे एकत्वाची आपली खात्री सांध्यावर उभी आहे. हे फक्त सुराबद्दल खरं आहे का, याचा विचार घरी करा.

आणखी एक गंमत. जो ध्वनी एकदाच वाजवायचा, त्यालाही ही चिप थांबू देत नाही. म्हणून नमुन्याचे पहिले दोन बाइट शून्य ठेवतात आणि तेवढेच फिरवत राहतात. तिथे शांतता हेसुद्धा आवर्तनच असतं!

राहिला उसनवारीचा प्रश्न. दुसऱ्याचं वाद्य उचलणं ही चोरी की शिक्षण? आमच्या मते, ऋण मानलं तर शिक्षण. मॉड फाइलमध्ये प्रत्येक नमुन्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा असे. अनेकांनी तिथे नावाऐवजी मित्रांना नमस्कार लिहिले. पण ती टिपलेली वाद्यं मुळात ज्यांनी वाजवली, त्यांची नावं त्या २२ अक्षरांत सहसा आलीच नाहीत. ध्वनी फिरत राहिला, वाजवणारा हरवला. आज या फाइली ऐकताना ‘हा कुणाचा हात?’ एवढं तरी विचारायला हवं.