वर्ष ४६, पण कोणाचे?

जुन्नरच्या मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. दान टाक्याचे आणि मंडपाचे. लेखात वर्ष दिले आहे ४६. ते कुठल्या गणनेचे, हे मात्र नाही. अयमाच्या काळी ते सांगायची गरजच नसणार. आपल्यासाठी त्या न कोरलेल्या एका शब्दावर सातवाहनांचा काळ सुमारे पन्नास वर्षे पुढेमागे होतो.

कोण कोणानंतर आला, याबद्दल वाद नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखांत ४१, ४२, ४५ ही वर्षे येतात. तिथेच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या अठराव्या राज्यवर्षी भिक्षूंना शेत दिल्याची नोंद आहे, आणि ते शेत आधी उषवदाताकडे होते असे लेख स्पष्ट सांगतो. १९०६ साली गोदाकाठच्या जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्राने आपली टेकडी आणि उज्जैन चिन्ह ठोकलेले आहे. जिंकल्याचा याहून उघड पुरावा काय हवा?

प्रश्न हे घडले केव्हा, एवढाच. पाठ्यपुस्तकांत रुळलेले उत्तर असे: ४६ हे शक संवताचे वर्ष, म्हणजे इ. स. १२४. नहपान त्यानंतर लवकरच संपला, ते गौतमीपुत्राचे अठरावे वर्ष, म्हणून तो १०६च्या सुमारास गादीवर आला. हिशेब नीटस आहे, पण तो उभा आहे एका गृहीतावर.

त्या गृहीताला पहिला मोठा धक्का कच्छमधून बसला. डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अंधौ इथला चष्टन क्षत्रपाचा वर्ष ११चा लेख प्रसिद्ध केला. शकाप्रमाणे ते इ. स. ८९. मग चष्टन कच्छात आणि नहपान भडोच ते नाशिक, असे दोन क्षत्रप पस्तीस वर्षे शेजारीशेजारी एकच शक मोजत होते असे मानावे लागते. अशक्य नाही, पण अवघड आहे.

दुसरा साक्षीदार समुद्रावरचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचकडच्या मंबनोस राजाचे नाव येते. हा नहपानच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कल्याणकडे निघालेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही त्यात आहे. सातवाहन-क्षत्रप वैराची ती बंदरावरची बाजू. याच ग्रंथात पेट्राचा राजा मलिखस येतो, आणि दुसऱ्या मलिखसची कारकीर्द इ. स. ४० ते ७० अशी आहे; म्हणजे ग्रंथही त्याच काळातला. पन्नासच्या सुमारास राज्य करणारा नहपान १२४ सालीही गादीवर कसा असेल?

म्हणून नाणकशास्त्रज्ञ जो क्रिब आणि शैलेंद्र भांडारे यांनी नहपानाला पहिल्या शतकात नेले. ४६ हे त्याचे स्वतःचे राज्यवर्ष धरले, की गौतमीपुत्राचा विजय इ. स. ७८च्या आसपास येतो. मला हीच मांडणी पटते, कारण ग्रीक भूगोलकार टॉलेमीही तिच्यात सहज बसतो. त्याच्या भूगोलात पैठणचा पुळुमावी, म्हणजे गौतमीपुत्राचा मुलगा, आणि उज्जैनचा चष्टन समकालीन आहेत. पुराणांची मात्र इथे मदत होत नाही. मत्स्यपुराण सातवाहन वंशाला ४६० वर्षे देते, वायुपुराणाच्या एका पाठात ती ३०० आहेत.

पहिल्या शतकाची ही मांडणी खरी असेल तर आपल्या पंचांगातल्या एका जुन्या समजुतीकडेही नव्याने पाहावे लागेल. गुढीपाडव्याला बदलणारे शके शालिवाहनाच्या, म्हणजे सातवाहनाच्या, विजयापासून सुरू झाले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. शालिवाहनाचे नाव त्याला हजारहून अधिक वर्षांनी चिकटले, म्हणून अभ्यासकांनी ही कथा बाजूला ठेवली. पण नहपानाचा पाडाव आणि शकाचा आरंभ हे दोन्ही एकाच सुमाराला घडले असतील, तर त्या कथेत कुठली आठवण तरी शिल्लक राहिली नसेल ना? ते शक जपले मात्र चष्टनाच्या वंशजांनी. सातवाहन आपल्या लेखांत राज्यवर्षेच कोरत राहिले: गौतमीपुत्राचे अठरावे, चोविसावे, आणि पुळुमावीची आजी बलश्री हिच्या लेखात त्याचे एकोणिसावे.