खालचा धाकटा, वरचा थोरला

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे डोंगर म्हटला की काळा कातळ. अजिंक्यताऱ्यावर चढताना पायथ्याला जो दगड, तोच मध्यावर आणि तोच माथ्यावर. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि सगळे मिळून सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. देहरादूनला शाळेत आलो तेव्हा समोरचा मसुरीचा डोंगरही असाच असेल, फक्त जास्त उंच, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या फेब्रुवारीत भूगोलाच्या सरांनी आमचा हा समज एका रविवारी मोडून काढला. प्रत्येक हाउसच्या चौघांना त्यांनी एक पाकीट दिले. त्यात राजपूर ते झडीपानी या जुन्या पायवाटेचा नकाशा होता आणि सहा कोडी होती. सोबत वाटाड्या नाही. वाटेत दोन ठिकाणी उस्ताद उभे होते, पण ते फक्त मुले मोजत होते. प्रत्येक कोड्याचा दगड शोधायचा, त्या जागेचा सहा आकडी ग्रिड रेफरन्स लिहायचा आणि उत्तराचे कारण दोन ओळींत द्यायचे. दगड फोडायचा नाही, खिशात घालायचा नाही. बरोबर उत्तराला 10 गुण, आणि चारनंतर परत येणाऱ्याचा मिनिटाला एक गुण कमी. आमची हत्यारे म्हणजे एक भिंग, एक लोखंडी खिळा, कंपास आणि मेसमधून आणलेली दोन लिंबे.

पहिले कोडे होते ‘नदी नाही, तरी नदीचे गोटे’. राजपूरच्या वर वाटेसाठी कापलेल्या दरडीत ते लगेच सापडले. मातीत रुतलेले लहानमोठे दगड, बहुतेकांच्या कडा झिजलेल्या. दगड जितका लांबून वाहत येतो तितका तो गोल होतो. म्हणजे हे गोटे डोंगराचे नव्हेत, डोंगरावरून आलेले. दूनची सगळी दरी अशाच गाळाने भरली आहे आणि आमचे परेडचे मैदानही त्यावरच आहे.

दुसऱ्या कोड्यावर मात्र आम्ही अर्धा तास घालवला. ‘खालचा धाकटा, वरचा थोरला.’ मी हट्टाने म्हणत होतो की हे शक्यच नाही, खालचा थर नेहमी थोरला असतो. साताऱ्यात तसेच असते ना! थोडे वर गेल्यावर गोटे संपले आणि करडा-हिरवट, चुरगाळल्यासारखा दगड सुरू झाला. हाताने दाबला तर भुगा होत होता. एवढा चुरा कशाने झाला, हे आमच्यातल्या बिहारच्या मित्राने ओळखले. वर्गात सरांनी सतरंजी दोन्ही बाजूंनी ढकलून दाखवली होती. आधी घडी पडते, आणखी ढकलले की एक पदर दुसऱ्यावर चढतो. भारताचा भूखंड आशियाला सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भिडला आणि अजून ढकलतोच आहे. त्या रेट्यात हिमालयाचे जुने खडक शिवालिकच्या तरुण खडकांवर सरकून बसले. शिवालिकचे खडक गेल्या सुमारे 2 कोटी वर्षांतले, आणि त्यांच्यावर चढलेले 50 कोटींहून जुने. जिथे हा पदर चढला त्या रेषेला ‘मेन बाउंडरी थ्रस्ट’ म्हणतात. ती हिमालयाच्या पायथ्याने शेकडो किलोमीटर जाते आणि राजपूरजवळून जाते. जमिनीवर रेघ आखलेली नसते. दोन मोठे खडक एकमेकांवर घासल्याने झालेला चुरा हीच तिची खूण. आपण तिच्यावर एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून उभे आहोत हे कळल्यावर मी माझा हट्ट सोडला.

तिसरे आणि चौथे कोडे सोपे होते. ‘वहीच्या पानांसारखा’ म्हणजे फिलाइट. मूळचा चिखल, दाबाखाली सापडून त्याचे पातळ, चकचकीत पापुद्रे झालेले. याच पापुद्र्यांवरून पावसाळ्यात उतार घसरतो, म्हणून ही वाट पावसात टाळावी. ‘खिळ्याला न जुमानणारा’ म्हणजे क्वार्टझाइट. त्यावर खिळा घासला तर दगडाला ओरखडा पडत नाही, उलट खिळ्याचेच लोखंड रेघ होऊन दगडावर उरते.

पाचवे कोडे होते ‘आंबट लागले की फसफसतो’. हे तर सगळ्यांनाच पाठ होते. चुनखडीवर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. वाटेच्या कडेला राखाडी दगड दिसला. लिंबू पिळले, भिंग लावले. बुडबुडे! ग्रिड रेफरन्स लिहिला आणि पुढे पळालो. घड्याळात एक वाजला होता. आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो.

वीसेक मिनिटे चढल्यावर केरळचा मित्र थांबला. म्हणाला, तो दगड भिंतीतला होता. वाटेची माती धरून ठेवायला जे दगडी पुश्ते बांधतात, त्यातला. कुणीतरी कुठूनतरी आणून रचलेला. मी म्हणालो, असू दे, चुनखडीच आहे ना? कोड्यात कुठे लिहिले आहे भिंतीतला नको म्हणून? खरे सांगायचे तर मला ते 10 गुण हवे होते. आमचे हाउस त्या वर्षी थोड्या गुणांनी मागे होते आणि मी टीमचा लीडर होतो. पण विचारलेली होती जागा. त्या ग्रिडवर डोंगर चुनखडीचा नव्हताच. पायाखाली अजून क्वार्टझाइट होता. रचलेला दगड गवंड्याची माहिती देतो, डोंगराची नाही. डोंगराची माहिती द्यायला दगड डोंगराला चिकटलेला असावा लागतो. आम्ही ओळ खोडली आणि वर निघालो.

खरी चुनखडी भेटायला आणखी बराच चढ चढावा लागला. वाटेत काळसर शेलचा पट्टा ओलांडला. मग राखाडी कडा आला. लिंबू पिळले. काहीच नाही. दुसरे लिंबू पिळले. काहीच नाही. माझा चेहरा पाहून सोलनच्या मित्राने खिळ्याने खडक खरवडला आणि त्या भुकटीवर उरलेला रस टाकला. भिंगातून अगदी बारीक बुडबुडे दिसले. नंतर सरांनी सांगितले की हा डोलोमाइट. चुनखडीचाच भाऊ, पण अंगात मॅग्नेशियम असल्याने सावकाश उत्तर देणारा. या दोघांच्या थरांना ‘क्रोल’ म्हणतात. ते 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचले. मसुरीचा माथा सुमारे 2000 मीटरवर, आणि तो समुद्राचा तळ! ‘क्रोल’ हे नाव सोलनजवळच्या करोल टेकडीवरून आले. हे ऐकल्यावर सोलनचा मित्र आठवडाभर मान ताठ करून फिरत होता, कारण ती टेकडी त्याच्या घरातून दिसते.

शेवटचे कोडे होते ‘डोंगराची जखम आणि तिची पट्टी’. ते दूरच्या उतारावर दिसले. पायऱ्या पाडल्यासारखा कापलेला कडा आणि त्यावर चढत गेलेली झाडे. ही चुनखडीची जुनी खाण. अशा खाणींनी एके काळी हा सगळा उतार पांढरा केला होता, झरे आटले होते. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच खाणी बंद करण्याचा आदेश दिला. पट्टी बांधायचे काम आपल्याच लोकांनी केले. टेरिटोरियल आर्मीची 127 वी इकॉलॉजिकल बटालियन, गढवाल रायफल्स, 1982 मध्ये उभी राहिली ती याच डोंगरांसाठी. निवृत्त जवानांनी उघड्या खडकावर माती टाकून, बांध घालून झाडे लावली. ती झाडे नुसती पाहून कुणालाही जंगलच वाटेल.

उतरताना आम्ही धावलो, तरी राजपूरला पोहोचायला चार वाजून अठरा मिनिटे झाली. अठरा गुण गेले. सहाही उत्तरे बरोबर आली, पण नंबर तिसरा. पहिल्या आलेल्या टीमने पाचवे उत्तर कुठल्या ग्रिडवर लिहिले होते ते मी विचारले नाही.

यंदा सर कोडी बदलणार आहेत. ज्युनियर्सनी लिंबाऐवजी मेसमधून व्हिनेगरची छोटी बाटली मागून न्यावी, आणि फसफसणारा दगड सापडला की आधी तो भिंतीत आहे की डोंगरात, ते पाहावे.